जेरंड की इन्फिनिटिव्ह? याद्या पाठ करण्याआधी आपलंच मराठी वाक्य ऐका

खडूफळा

मी संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवतो. मुलंमुली बहुतेक मराठी माध्यमातली. कुणी नर्सिंग करतंय, कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी. जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत एक पान सापडतं. डाव्या रकान्यात 'टु' घेणारी क्रियापदं, उजव्या रकान्यात 'इंग' घेणारी आणि तळाशी 'दोन्ही चालतात' अशी काही. हे पान परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतं, पेपर संपला की पुसलं जातं आणि मुलाखतीला बसल्यावर त्यातलं काहीही आठवत नाही.

माझं म्हणणं असं की या विषयातला सगळ्यात अवघड मानला जाणारा भाग, म्हणजे 'रिमेंबर', 'स्टॉप', 'ट्राय' यांच्यापुढे काय घ्यायचं आणि अर्थ कसा बदलतो, तो मराठी माणसाला आधीपासून येतो. त्याला ते कुणी दाखवून दिलेलं नसतं, इतकंच. सोयीसाठी 'टु गो' याला (इन्फिनिटिव्ह) टु-रूप म्हणू आणि 'गोइंग' याला (जेरंड) इंग-रूप.

ही दोन वाक्यं वाचा. 'आजी गोळी घ्यायला विसरली.' 'आजी गोळी घेतल्याचं विसरली.' पहिल्यात गोळी डबीतच आहे, आजीला ती आता द्यायला हवी. दुसऱ्यात गोळी पोटात गेली आहे आणि आजी दुसरी मागतेय, म्हणजे डबी हाताआड ठेवायला हवी. घरातल्या शाळकरी मुलालाही हा फरक क्षणात कळतो. 'घ्यायला' आणि 'घेतल्याचं' या दोन शेवटांनी तो केला. इंग्रजीतही हेच होतं. जे करायचं बाकी आहे ते टु-रूपात, जे होऊन गेलंय ते इंग-रूपात. 'शी फरगॉट टु टेक द पिल' म्हणजे घेतली नाही. 'आय रिमेंबर टेकिंग द पिल' म्हणजे घेतल्याचं आठवतंय. ('फरगेट'पुढे इंग-रूप बहुधा 'नेव्हर'सोबत येतं, 'आयल नेव्हर फरगेट सीइंग द सी'. आजीचं दुसरं वाक्य इंग्रज माणूस 'शी फरगॉट दॅट शी हॅड टेकन इट' असं म्हणेल.)

आता 'थांबणे'. 'तो बोलायला थांबला' आणि 'तो बोलायचा थांबला'. एका अक्षराचा फरक, पण पहिला चालता चालता थांबून गप्पा मारतोय आणि दुसरा गप्प झालाय. 'ही स्टॉप्ड टु टॉक', 'ही स्टॉप्ड टॉकिंग'. 'पाऊस पडायचा थांबला', म्हणून 'इट स्टॉप्ड रेनिंग'. 'स्टॉप्ड टु रेन' का म्हणायचं नाही हे वेगळं सांगावंच लागत नाही. पाऊस पडायला थांबला असं मराठीत म्हणून बघा, कान लगेच नको म्हणतो.

'ट्राय'चं तर अजून चांगलं जमतं. खोलीत उकडतंय. 'मी खिडकी उघडायचा प्रयत्न केला', म्हणजे ती घट्ट बसली होती. 'मी खिडकी उघडून बघितली', म्हणजे उघडली, तरी उकाडा गेला नाही. 'आय ट्राइड टु ओपन द विंडो', 'आय ट्राइड ओपनिंग द विंडो'. 'करून बघणे' ही रचना इतकी अचूक आहे की वर्गात मी 'ट्राय डुइंग' शिकवत नाही, फक्त 'करून बघ' म्हणतो.

हे जुळतं यामागे कारण आहे. 'जेवायला' या शब्दातला 'ला' तोच, जो 'पुण्याला जातो' यात आहे. तो दिशा दाखवतो. इंग्रजीतला 'टु' सुद्धा मुळात दिशेचाच, 'टु पुणे', 'टु ईट'. पुढे ज्याच्याकडे जायचंय ते. इंग-रूप हे मात्र नामासारखं वागतं, घडलेली किंवा घडत असलेली गोष्ट हातात धरल्यासारखं.

तुमचे अनुभव लिहा, विशेषतः जिथे मराठी दगा देते तिथले.

एक_स्पर्धक

सर, चांगलं लिहिलंय. पण मी सध्या परीक्षेच्या तयारीत आहे, म्हणून शंका काढतो. 'मला क्रिकेट खेळायला आवडतं.' इथे 'ला' आहे. तुमच्या नियमाने 'आय एन्जॉय टु प्ले' व्हायला हवं. ते तर चूक आहे. 'मला पोहायला मजा येते' यातही तेच. प्रश्नपत्रिकेत 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'माइंड' हेच जास्त विचारतात. मग यादीशिवाय कसं चालेल?

खडूफळा

बरोबर जागी बोट ठेवलंत. आवडीनिवडीच्या क्रियापदांना मराठी उपयोगी पडत नाही, कारण मराठीत 'आवडणे' सगळ्याला 'ला' लावतं. तिथे यादी हवीच, मी तिला विरोध करत नाही. फक्त ती छोटी करा. 'एन्जॉय', 'माइंड', 'फिनिश', 'कीप', 'प्रॅक्टिस', 'मिस', 'रिस्क', 'डिनाय', 'अॅडमिट' यांच्यापुढे इंग-रूप. यातली बरीचशी अशी की ज्याबद्दल बोलतोय ते आधीच चाललेलं किंवा झालेलं असतं. चोरी नाकारायची तर ती आधी झालेली हवी. जेवण संपवायचं तर ते चालू हवं. 'अव्हॉइड'ला मराठीही साथ देते. आपण 'बाहेर खाणं टाळा' म्हणतो, 'खायला टाळा' म्हणत नाही. उलट 'वॉन्ट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'रिफ्यूज', 'प्लॅन', 'ऑफर', 'अग्री' ही सगळी पुढे बघणारी, त्यांना टु-रूप. 'लाइक', 'लव्ह', 'हेट', 'स्टार्ट', 'बिगिन' यांना दोन्ही चालतात. मात्र 'वुड लाइक' आलं की टु-रूपच. आणि 'इट इज स्टार्टिंग' म्हटल्यावर पुढे 'रेनिंग' नको, कानाला दोन इंग सलग खटकतात. 'स्टार्टिंग टु रेन' म्हणा.

टेकडीवरची_सकाळ

मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे, रोज शंभरेक मेल डोळ्यांखालून जातात. आपल्याकडच्या मेलमध्ये दोन चुका सतत दिसतात. एक 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू'. दुसरी 'ही सजेस्टेड मी टु अप्लाय'. पहिलीवर आमच्याकडे वादही झाला. 'टु' आलाय, मग पुढे मूळ क्रियापदच येणार, असं सगळ्यांचं म्हणणं. याचं सोपं उत्तर कुणाकडे आहे का?

प्राध्यापक_निवृत्त

आहे, आणि ते सहसा चुकत नाही. 'टु'च्या पुढे क्रियापदाऐवजी 'इट' घालून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टु इट', वाक्य नीट उभं राहतं. म्हणजे हा 'टु' शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम हवं आणि क्रियापद आलंच तर ते नामाच्या वेशात, 'मीटिंग यू'. उलट 'आय वॉन्ट टु इट' हे वाक्यच होत नाही. तिथला 'टु' क्रियापदाचा. 'ऑब्जेक्ट टु', 'कमिटेड टु', 'अकस्टम्ड टु', 'डिव्होटेड टु', 'इन अॅडिशन टु' हे सगळे पहिल्या जातीचे.

शब्दयोगी शब्दापुढे इंग-रूप, हा या विषयातला सगळ्यात भरवशाचा नियम आहे. 'आफ्टर ईटिंग', 'बिफोर गोइंग', 'विदाउट आस्किंग', 'बाय वर्किंग', 'गुड अॅट सिंगिंग'. अपवाद जवळजवळ नाहीच. 'बट' आणि 'एक्सेप्ट' तेवढे वेगळे, 'ही डिड नथिंग बट क्राय'. आणि मराठीतही असंच आहे बघा. 'जेवल्यानंतर', 'जाण्याआधी', 'विचारल्याशिवाय', 'केल्यामुळे'. अव्यय जोडायचं तर क्रियापद आधी नामासारखं होतं, सामान्यरूप घेतं, मगच अव्यय लागतं.

खडूफळा यांच्या मांडणीला थोडा इतिहास जोडतो. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं साधं रूप '-अन'ने संपायचं. हेतू सांगायचा असला की त्याच्याआधी 'टो' यायचं आणि रूप चतुर्थीसारख्या विभक्तीत जायचं. म्हणजे 'टु' हा सुरुवातीपासून 'कडे, साठी' याच अर्थाचा. पुढे विभक्ती झडल्या, 'टु' तेवढा राहिला. 'कॅन', 'मस्ट' यांच्यापुढे 'टु' का येत नाही, तर ती रचना त्या जुन्या, 'टो' नसलेल्या रूपाची वारस आहे. इंग-रूप मात्र '-उंग', '-इंग' या नाम बनवणाऱ्या प्रत्ययातून आलं.

तरीही एक इशारा. 'पुढचं ते टु, मागचं ते इंग' याला कायदा समजू नका. 'सजेस्ट' आणि 'कन्सिडर' पुढच्याच गोष्टीबद्दल बोलतात, तरी इंग-रूप घेतात. 'मॅनेज' झालेल्या गोष्टीबद्दल बोलतं, तरी टु-रूप घेतं, 'आय मॅनेज्ड टु कॅच द ट्रेन'. कल म्हणून हे सूत्र उत्तम. पण परीक्षेत शंका असेल तर क्रियापद माहीत असावं लागतं.

टेकडीवरची_सकाळ

'इट' घालून बघायची युक्ती उद्याच ऑफिसात सांगते. 'सजेस्ट'चं राहिलं.

खडूफळा

ताई, ते मराठीतून आलंय. 'त्यानं मला अर्ज करायला सुचवलं' हे आपण सहज बोलतो, कारण 'सांगितलं' आणि 'सुचवलं' मराठीत एकाच साच्यात बसतात. इंग्रजीत 'टेल' तो साचा घेतं, 'सजेस्ट' घेत नाही. 'ही टोल्ड मी टु अप्लाय' ठीक. 'सजेस्ट'ला 'ही सजेस्टेड अप्लाइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय अप्लाय'. त्याला माणूस थेट जोडायचाच नाही.

जवळच अजून एक गट आहे, 'अॅडवाइज', 'अलाउ', 'परमिट', 'फरबिड'. यात माणूस आला की टु-रूप, नाही आला की इंग-रूप. 'द डॉक्टर अॅडवाइज्ड मी टु वॉक', पण 'द डॉक्टर अॅडवाइज्ड वॉकिंग'. 'दे डोन्ट अलाउ स्मोकिंग', पण 'दे डोन्ट अलाउ अस टु स्मोक'. परीक्षेत या गटावर प्रश्न येतात, एक_स्पर्धक यांनी टिपून ठेवावं.

मांडवीकाठ

मी पणजीजवळची. घरी कोकणी, शाळेत मराठी. धागा वाचताना लक्षात आलं की कोकणीत हे अजून उघडं दिसतं. 'करप' म्हणजे करणं, नाम. त्याला 'क' लागला की 'करपाक', म्हणजे करायला. आणि हाच 'क' 'पणजेक वता' यात आहे. 'जेवपाक वता', 'पणजेक वता', एकच प्रत्यय. 'म्हाका वचपाक जाय' म्हणजे मला जायचंय. म्हणजे मूळ नाम एका हातात आणि दिशेचा प्रत्यय दुसऱ्या हातात. मला शाळेत हे असं कुणी दाखवलं असतं तर टु-रूपाची भीती राहिली नसती.

खडूफळा

हे फार मोलाचं आहे. वर्गात चंदगड, सावंतवाडीकडची मुलं येतात, त्यांना सांगेन.

दूरदेशी_अनुराधा

मी टोरांटोला असते आणि नव्याने आलेल्यांची आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेते. थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा. मराठीतून इंग्रजी समजावण्याला माझा विरोध आहे. वाक्य आधी मराठीत रचायचं, मग उलथं करायचं, ही सवय बोलण्याच्या परीक्षेत घात करते. परीक्षक समोर बसलेला असताना 'घ्यायला की घेतल्याचं' हा विचार करायला सवड नसते. भरपूर ऐका, भरपूर वाचा, इंग्रजीतच विचार करा. 'आय एन्जॉय रीडिंग' शेकडो वेळा कानावर पडलं की 'एन्जॉय टु रीड' जिभेवर येतच नाही.

आणि मराठीमुळे होणारी एक चूक तुम्ही अजून नोंदवलेली नाही. '-साठी'. 'मी इंग्रजी शिकण्यासाठी इथे आलो' याचं सरळ 'आय केम हिअर फॉर लर्निंग इंग्लिश' होतं. मी हे जवळपास प्रत्येक मराठी, गुजराती, हिंदी विद्यार्थ्याकडून ऐकते. निवृत्त सरांच्या भरवशाच्या नियमाने 'फॉर'पुढे इंग-रूप हे बरोबरच आहे, म्हणून त्यांना चूक कळतही नाही. पण इथे 'फॉर'च नको. माणसाचा हेतू सांगायचा असेल तर नुसतं टु-रूप, 'आय केम हिअर टु लर्न इंग्लिश'. 'फॉर' आणि इंग-रूप येतं ते वस्तूचा उपयोग सांगताना. 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड.' किंवा आभार मानताना, माफी मागताना, 'थँक यू फॉर कमिंग', 'सॉरी फॉर बीइंग लेट'.

खडूफळा

'-साठी'बद्दल मनापासून आभार, ही चूक माझ्याही वर्गात रोज होते. मी त्यांना 'शिकण्यासाठी' मनात आलं की आधी त्याचं 'शिकायला' करायला सांगतो. 'मी इंग्रजी शिकायला आलो.' 'ला' आला की 'टु' आपोआप सुचतो.

विरोधाबद्दल मात्र ठामपणे असहमत आहे. 'इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला ज्याच्याभोवती इंग्रजी आहे त्याला लागू पडतो. तुमच्या विद्यार्थ्याला टोरांटोच्या बसमध्ये, दुकानात, रेडिओवर ते शेकडो वेळा ऐकायला मिळतं. माझ्या वर्गातली मुलगी दिवसभर रुग्णालयात मराठी बोलते, घरी मराठी, बसमध्ये मराठी. इंग्रजी तिच्या कानावर पडतं ते वर्गातल्या दीड तासात. तिच्याजवळ जी भाषा पूर्ण भरलेली आहे तिचा आधार काढून घेऊन तिला रिकाम्या भाषेत विचार करायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. मी तिला प्रत्येक वाक्य मराठीतून उलथं करायला शिकवत नाही. अर्थाचा फरक मराठीत पकडायला शिकवतो. एकदा फरक पकडला की इंग्रजी वाक्य ती इंग्रजीतच घोकते.

दूरदेशी_अनुराधा

हे मान्य. सुरुवातीच्या टप्प्यावर, आणि अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांपुरतं, मान्य. पण मुलाखतीआधीचे काही महिने तरी मोठ्याने इंग्रजी वाचून घ्या, एवढा आग्रह धरते.

शिरीषाची_फुलं

माझी मुलगी दहावीत आहे, इंग्रजी माध्यम. घरी मराठी बोलते पण वाचायला कंटाळते. तिला हे असं सांगितलं तर चालेल का? आणि 'लेट' व 'मेक'पुढे 'टु' का नसतो हे ती विचारत होती.

खडूफळा

ताई, वाचायला देऊ नका, तोंडी विचारा. 'आजी गोळी घ्यायला विसरली, मग तू काय करशील?' तिचं उत्तर लगेच बरोबर येईल.

'लेट'चं उत्तरही घरच्या मराठीत आहे. 'जाऊ दे' यात 'जायला' नाही, नुसतं 'जाऊ' आहे. 'करू शकतो' यातही 'करू'. 'लेट हिम गो', 'कॅन डू', दोन्हीकडे 'ला'ही नाही आणि 'टु'ही नाही. 'मेक' म्हणजे आपलं प्रयोजक, रडवणे, हसवणे. 'ही मेड मी क्राय' म्हणजे त्यानं मला रडवलं, मराठीत एकाच शब्दात मावतं. पण वाक्य कर्मणी झालं की 'टु' परत येतो, 'आय वॉज मेड टु वेट'. 'हेल्प'ला दोन्ही चालतं. ही जोडी सगळीकडे ताणू नका. 'रडू लागला' यात 'ऊ' आहे, पण इंग्रजीत 'स्टार्टेड क्राइंग' किंवा 'स्टार्टेड टु क्राय' होतं.

प्राध्यापक_निवृत्त

दहावीच्या मुलीसाठी 'सी' आणि 'हिअर'ही सांगून ठेवा. 'मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं' म्हणजे मधला तुकडा दिसला, 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड'. 'मी त्याला रस्ता ओलांडलेलं पाहिलं' म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत, 'आय सॉ हिम क्रॉस द रोड'. अपघाताची साक्ष देताना हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

अर्थ बदलणारी उरलेली क्रियापदंही मराठीत टाकून बघतो. 'रिग्रेट': 'कळवायला वाईट वाटतं' आणि 'सांगितल्याचा पस्तावा होतो'. 'मीन': 'तुला फोन करायचा होता' म्हणजे 'आय मेंट टु कॉल यू', आणि 'ही नोकरी घेतली म्हणजे पुणं सोडणं आलं' म्हणजे 'टेकिंग धिस जॉब मीन्स लीव्हिंग पुणे'. 'गो ऑन': चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले. हे 'पुढे झाले' म्हणजे 'वेंट ऑन टु बिकम'. 'बोलत राहिले' असतं तर 'वेंट ऑन स्पीकिंग'. 'नीड' तर गमतीदार आहे. 'केस कापायला झालेत' यात केस स्वतः काही कापत नाहीत, ते कुणीतरी कापायचेत. 'माय हेअर नीड्स कटिंग' यातही इंग-रूपाला तसाच कर्मणी अर्थ आहे.

टेकडीवरची_सकाळ

सर, एक शेवटचं. 'डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो' की 'मी ओपनिंग'? आमचे वरिष्ठ 'मी' कापून 'माय' करतात.

प्राध्यापक_निवृत्त

हा वाद जुना आहे. इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे हेन्री फाउलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'मी ओपनिंग'सारख्या रचनेवर कडाडून टीका केली, तिला स्वतंत्र नाव दिलं आणि 'माय' हवंच असा आग्रह धरला. डेन्मार्कचे व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी चांगल्या लेखकांची उदाहरणं देऊन ते खोडून काढलं. आज बोलताना 'मी' सर्रास चालतं. औपचारिक पत्रात सर्वनाम असेल तर 'माय', 'हिज' ठेवा, कुणी बोट ठेवणार नाही. वस्तू किंवा लांबलचक नाम असेल तर मात्र षष्ठी लावत बसू नका.

एक_स्पर्धक

'यूज्ड टु'मध्ये मी दरवेळी अडकतो. तेवढं सांगाल का सर?

खडूफळा

तीन वाक्यं लिहून घ्या. 'मी पूर्वी पहाटे उठायचो', 'आय यूज्ड टु गेट अप अर्ली'. 'मला पहाटे उठायची सवय आहे', 'आय अॅम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली'. 'ही सुरी भाजी चिरायला वापरतात', 'धिस नाइफ इज यूज्ड टु कट व्हेजिटेबल्स'. 'उठायचो', 'उठायची सवय', 'चिरायला', असे मराठीत तिन्ही शेवट वेगळे आहेत. दुसऱ्यात निवृत्त सरांची 'इट'ची युक्ती लागू पडते, 'आय अॅम यूज्ड टु इट', म्हणून तिथे इंग-रूप. पहिल्यात आणि तिसऱ्यात ती लागू पडत नाही. पहिल्याचा प्रश्न करताना 'डिड यू यूज टु' होतं, 'यूज्ड'चा 'ड' जातो. रिकामी जागा भरायच्या प्रश्नात आधी 'अॅम', 'इज', 'वॉज' आहे का ते बघा. नसेल तर पहिलं वाक्य. असेल आणि कर्ता माणूस असेल तर बहुतेक वेळा दुसरं, वस्तू असेल तर तिसरं.